आओमोरीचा बर्फ : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी जपानच्या उत्तरेकडच्या आओमोरी शहराबद्दल दोन पानं लिहिली, हिवाळ्यातच जा असं म्हटलं, आणि त्यावर एवढे मेल आले की संपादक म्हणाले या वेळचं सदर पूर्ण प्रश्नोत्तरांनाच देऊन टाका. ज्यांच्या हातात तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : होन्शू म्हणजे जपानचं मुख्य बेट, त्याच्या अगदी वरच्या टोकाला असलेलं हे बंदराचं शहर, वस्ती अडीच लाखाच्या वर, आणि एका हिवाळ्यात मिळून सरासरी साडेपाच मीटरच्या वर बर्फ पडतो. एकदम एवढा साठून राहतो असं नाही हां, दाबला जातो, वितळतो, उचलला जातो, पण पडतो एवढा. सारखे प्रश्न एकत्र केलेत, बाकीचे जमतील तसे घेतलेत.

ताई, बर्फच बघायचा तर सगळे टूरवाले होक्काइडो आणि सप्पोरो दाखवतात. आओमोरीच का? आम्ही बर्फ पाहिलाय तो फक्त मनालीला, तोही एका दुपारी. (वाचक, नाशिक)

सप्पोरोला जाऊ नका असं मी कुठंही म्हटलेलं नाही, होक्काइडो या आणखी उत्तरेच्या बेटावरचं सुंदर शहर आहे, पण फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथं स्नो फेस्टिवल असतो आणि तेव्हा हॉटेलांचे भाव आणि गर्दी दोन्ही अंगावर येतं. आणि गंमत म्हणजे बर्फ आओमोरीत सप्पोरोपेक्षा जास्त पडतो. जपानमध्ये ज्या भागात फारच बर्फ पडतो त्याला सरकार 'विशेष अतिहिमवृष्टीचा प्रदेश' ठरवतं, आणि प्रांताची राजधानी असलेल्या शहरांपैकी अख्खंच्या अख्खं त्यात बसणारं आओमोरी हे एकमेव.

कारण काय ते सांगते, कारण हे कळलं की तिथं उभं राहून आकाश बघायला जास्त मजा येते. सायबेरियावरून कोरडा थंडगार वारा निघतो तो जपानच्या समुद्रावरून येतो, हा समुद्र त्या मानानं गरम असतो कारण दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह वर येतो, मग वारा वाटेत भरपूर बाष्प उचलतो आणि शहराच्या पाठीमागे हाक्कोदाचे डोंगर आडवे आले की सगळं खाली सांडतो. आपल्याकडे मान्सून सह्याद्रीला अडतो आणि कोकण धुऊन निघतं ना, अगदी तेच, फक्त पावसाच्या जागी बर्फ. म्हणून तिथं दिवसदिवस सूर्य दिसत नाही आणि मध्येच दहा मिनिटं लख्ख ऊन पडून परत अंधारून येतं.

मनालीच्या दुपारी आपण बर्फाकडे जातो, खेळतो आणि परत येतो. आओमोरीत बर्फात शाळा भरते, बस धावते, आजीबाई भाजी आणायला जातात, दात काढायला लोक डेंटिस्टकडे जातात. मला ते बघायचं होतं, आणि माझा आग्रह एवढाच आहे की तिथं जाताय तर शहरात राहा, तीन-चार रात्री तरी राहा, आणि एक दिवस काही न ठरवता मोकळा ठेवा.

माझ्या आईला घेऊन जायचंय, वय ६८, गुडघे जरा कुरकुरतात. थंडी सोसेल का? कपडे काय काय घ्यायचे? (वाचक, ठाणे)

थंडीची काळजी तुम्ही समजता तेवढी नको. समुद्राकाठचं शहर असल्यामुळे जानेवारीत दिवसा १-२ अंश आणि रात्री उणे ३-४ असं तापमान असतं, म्हणजे आपल्या लडाखच्या हिवाळ्यासारखं हाडं फोडणारं नाही. बोचतो तो वारा, आणि ओलं होणं. आओमोरीचा बर्फ जरा ओलसर असतो, स्वेटरवर पडला की झटकेपर्यंत विरघळतो आणि मग ते गार पाणी अंगाला लागतं. म्हणून आत थर्मल, मधे एक लोकरीचं किंवा फ्लीसचं, आणि सगळ्यात बाहेर पाणी न शिरणारं टोपीवालं जॅकेट. एकच एक जाडजूड ओव्हरकोट घेऊ नका कारण दुकानात, ट्रेनमध्ये, हॉटेलात हीटर एवढे जोरात असतात की पाच मिनिटांत घाम फुटतो, थर काढता-घालता आले पाहिजेत. छत्री वाऱ्यात उलटी होते, तिथले लोक बहुतेक टोपीवरच भागवतात. आईंना माकडटोपी आवडत असेल तर खुशाल न्या, कान झाकणं महत्त्वाचं.

खरी काळजी घ्यायची ती पायांची. नवा भुसभुशीत बर्फ घसरत नाही, घसरतो तो दिवसभर पायांनी आणि चाकांनी दाबून रात्री काचेसारखा झालेला. सगळ्यात वाईट जागा म्हणजे झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, दुकानांच्या दारातल्या टाईल्स, आणि बसमधून उतरतो ती जागा. खोल खाचांचा रबरी तळ असलेले, घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे बूट घ्या, आणि बुटावर चढवायचे खिळेवाले रबर मिळतात ते तिथं पोचल्यावर घ्या, स्टेशनच्या दुकानात, मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. आत शिरताना मात्र ते काढायचे, फरशीवर तेच घसरवतात. पाऊल छोटं, पूर्ण तळवा एकदम टेकवायचा, हात खिशात घालायचे नाहीत, हातमोजे घालून मोकळे ठेवायचे. आईंचा हात धरून चालणार असाल तर तुम्हीही खिळे लावा, नाहीतर दोघी एकदम पडाल.

आणखी एक, हे फार कमी लोक सांगतात : घरांच्या पागोळ्यांखालून चालू नका. छपरावरून साठलेला बर्फ एकदम धाडकन खाली येतो, आणि लोंबणारे बर्फाचे सुळेही तुटतात. फुटपाथ छपराच्या अगदी कडेनं जात असेल तर वर बघा.

शहरात स्टेशनसमोरच्या शिनमाची नावाच्या बाजाररस्त्याला फुटपाथवर छप्पर आहे, हॉटेल त्याच बाजूला घ्या, आईंना संध्याकाळी फिरता येईल. आणि मोठ्या बॅगा टोकियोहून ओढत आणू नका, बर्फात चाकं फिरत नाहीत. ताक्क्यूबिन म्हणजे कुरिअरनं हॉटेलवर पाठवा, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात, हा खर्च मी डोळे मिटून करते.

टोकियोहून जायचं कसं? जपान रेल पास घ्यावा का? (दोन-तीन वाचक)

तोहोकू शिंकान्सेन म्हणजे उत्तरेकडची बुलेट ट्रेन ४ डिसेंबर २०१० ला शिन-आओमोरीपर्यंत पोचली, आता हायाबुसा गाडीनं टोकियोहून सव्वातीन तास धरा, वाटेत ती ताशी ३२० किलोमीटरनं पळते. सगळ्या सीट रिझर्व असतात, तिकीट एका बाजूचं सतरा-अठरा हजार येनच्या घरात. शिन-आओमोरीला उतरून लोकल पकडायची, एकच स्टेशन, पाच-सहा मिनिटं, की आओमोरी. देशभराचा सात दिवसांचा पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनवरून ५०,००० झाला, त्यामुळे नुसत्या टोकियो-आओमोरी-टोकियोसाठी तो परवडत नाही. पूर्व जपानपुरते वेगळे पास असतात, ते तुमच्या तारखांना हिशोब करून बघा. सुइका कार्ड म्हणजे टॅप करून भाडं द्यायचं कार्ड, ते आओमोरीच्या आसपासच्या मुख्य स्टेशनांवर २०२३ च्या मे पासून चालतं, पण टोकियोत टॅप करून आओमोरीत बाहेर पडता येत नाही, आणि छोट्या खाजगी रेल्वेवर रोख लागते.

विमानानंही जाता येतं, टोकियोच्या हानेदा विमानतळाहून सव्वा तास. आओमोरी विमानतळावर बर्फ काढणाऱ्यांची एक टीम आहे, 'व्हाइट इम्पल्स' असं तिचं नाव, रांगेनं गाड्या लावून साधारण ४० मिनिटांत धावपट्टी मोकळी करतात, लोक ते बघायला काचेजवळ गर्दी करतात. तरी वादळ असलं की विमान रद्द होतंच, मी ट्रेनच सांगेन, आणि परतीच्या आंतरराष्ट्रीय फ्लाइटच्या आदल्या रात्री टोकियोत असा.

भाड्यानं गाडी घेऊन स्वतः चालवली तर? (वाचक, औरंगाबाद)

नको. तुमच्याकडे इंटरनॅशनल परमिट असलं, गाडीला बर्फाचे टायर असले तरी नको. त्सुगारूच्या, म्हणजे आओमोरी प्रांताच्या पश्चिमेकडच्या, सपाट भागात जमिनीवरचा पडलेला बर्फ वाऱ्यानं उडतो आणि क्षणात समोरचं बोनेटसुद्धा दिसेनासं होतं, आकाश निरभ्र असतानाही. तिथल्या लोकांना ते जन्मापासून माहीत असतं. तुम्हाला तो वारा अनुभवायचाच असेल तर कानागी गावात १९८८ पासून त्याचीच सहल काढतात, जुन्या पद्धतीची जाड शाल गुंडाळून, पायाला बर्फात चालायचे विणलेले जोड बांधून लोकांना शेतात चालवतात. ते करा, छान आहे.

आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. उपाशी राहू का? (वाचक, पुणे, आणि अशीच चार पत्रं)

उपाशी राहणार नाही, पण तयारी नसेल तर पहिल्या दिवशी चिडचिड होईल हे नक्की. अडचण मासे-मटणाची नाही, ते दिसतं आणि टाळता येतं. अडचण दाशीची. दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाचं किंवा सुक्या छोट्या मासोळ्यांचं पाणी, आणि ते मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) घातलेल्या सूपमध्ये, उडोन-सोबा या नूडल्सच्या रश्शात, उकडलेल्या भाजीत, तोफूवरच्या सॉसमध्ये, सगळीकडे असतं. आओमोरी तर खाडीकाठचं गाव, मासोळ्यांच्या रश्शाचं रामेन हीच इथली शान. हॉटेलवाला प्रामाणिकपणे 'यात मांस नाही' म्हणतो आणि त्याच्या दृष्टीनं ते खरंच असतं. म्हणून एवढं वाक्य पाठ करा किंवा कागदावर जपानीत लिहून घ्या : 'निकु मो साकाना मो ताबेमासेन, दाशी मो दामे देस', म्हणजे मांस-मासे दोन्ही खात नाही, दाशीही चालत नाही.

आता काय खायचं ते. सुपरमार्केटमध्ये शिजवलेल्या भाताचे पॅक मिळतात, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं, आणि हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची किटली असतेच. घरून मेतकूट, लोणचं, तुपाची छोटी डबी, गरम पाणी घालून होणारे पोहे-उपमा, दशम्या न्या. बाहेर बर्फ पडतोय आणि आपण खिडकीत बसून गरम भात-मेतकूट-तूप खातोय, मला तरी यापेक्षा चांगलं जेवण आठवत नाही. तिथला तोफू फार सुंदर असतो, नुसता मीठ-मिरपूड घालून खा. भाजलेलं रताळं सुपरमार्केटच्या दाराशीच गरम ठेवलेलं असतं, हातही शेकतात. नात्तो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, वास उग्र, जमलं तर उत्तम, फक्त सोबतची सॉसची पुडी टाकून द्या, त्यात मासा असतो. ओनिगिरी म्हणजे भाताचे त्रिकोण, त्यातला उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, त्यातल्या त्यात सुरक्षित, तरी मागचं लेबल मोबाईलच्या भाषांतर कॅमेऱ्यानं वाचा. भारतीय-नेपाळी करीची हॉटेलं जपानच्या मध्यम शहरांतही सापडतात, नकाशात शोधून ठेवा.

आणि सफरचंद! जपानमधली साधारण ६० टक्के सफरचंदं एकट्या आओमोरी प्रांतातली. आपल्या बाजारात 'फुजी' म्हणून जे सफरचंद मिळतं ना, त्याचा जन्मच या प्रांतातल्या फुजिसाकी गावच्या संशोधन केंद्रातला, अमेरिकेतल्या दोन जातींचा संकर, १९६२ मध्ये त्याला हे नाव मिळालं. हिवाळ्यात ती रसाळ, कडक, कापली की पाणी सुटतं. रस पण घ्या, एकाच दुकानात सात-आठ जातींचे वेगवेगळे रस ठेवलेले असतात आणि खरंच प्रत्येकाची चव वेगळी लागते.

मासे खाणाऱ्यांसाठी दोन ओळी, नाहीतर कोकणातले वाचक रागावतील : फुरुकावा बाजारात 'नोक्केदोन' करून मिळतं, आधी कुपनं घ्यायची, भाताचा वाडगा घ्यायचा आणि ठेल्याठेल्यावर जाऊन हवे ते कच्चे माशाचे तुकडे, कोलंबी, शिंपल्या वर मांडून घ्यायच्या. मुत्सू खाडीतले होताते म्हणजे मोठे गोड शिंपले चुकवू नका. आणि ओदेन म्हणजे रश्शात उकळत ठेवलेले मुळा, माशाच्या वड्या वगैरे, ते आल्याच्या मिसोबरोबर थंडीत जीव परत आणतं.

मी काही जपानला जाणार नाही, वय झालं, पण तुमचा लेख वाचून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. एवढा बर्फ पडतो तर तो जातो कुठं? शहर चालतं कसं? (वाचक, सोलापूर)

काका, सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र सगळ्यात आवडलं, आणि याचं उत्तर मी जरा लांबवणार आहे.

रात्री लोक झोपले की महापालिकेची आणि ठेकेदारांची बर्फ ढकलणारी यंत्रं निघतात. मध्यरात्रीनंतर खोलीत झोपल्या झोपल्या त्यांचा घरघराट आणि मागे येतानाची पिपाणी ऐकू येते. सकाळी लोक कामाला निघायच्या आत मोठे रस्ते मोकळे झालेले असले पाहिजेत. पण यंत्र रस्त्यावरचा बर्फ दोन्ही कडांना ढकलतं, म्हणजे लोकांच्या दारात, आणि तो दाबलेला, दगडासारखा बर्फ ज्याचा त्यानं काढायचा. म्हणून पहाटे पाच-साडेपाचला, अंधारात, घराघरापुढे माणसं फावडी घेऊन उभी असतात. एक मोठं सुपासारखं, दोन्ही हातांनी ढकलायचं अवजार असतं, त्याला तिथं स्नो-डंप म्हणतात, घरटी एक तरी असतंच, बायका ते इतक्या सफाईनं चालवतात की बघत राहावं.

मग तो बर्फ टाकायचा कुठं, तुमचा खरा प्रश्न. काही वस्त्यांमध्ये रस्त्याच्या कडेला खोल गटारं बांधलेली आहेत, त्यातून वाहतं पाणी सोडतात. ठरलेल्या वेळी झाकणं उघडायची, बर्फ आत लोटायचा, पाणी तो वाहून नेतं. वेळ ठरवून दिलेली असते कारण सगळ्यांनी एकदम लोटला तर गटार तुंबतं आणि खालच्या आळीत पाणी शिरतं. म्हणजे शेजाऱ्यांचं एकमेकांशी जमलं तरच ही गोष्ट चालते. (जाणाऱ्या वाचकांनो, ही उघडी झाकणं बघून चाला, आत पाय गेला तर पाणी जोरात असतं.) जिथं गटार नाही तिथून ट्रक भरभरून बर्फ ठरवून दिलेल्या जागांवर नेतात, त्यातल्या काही समुद्राकाठी आहेत. फेब्रुवारीत तिथं बर्फाचे करडे डोंगर उभे असतात.

घरांची छपरं बघितली तर दोन तऱ्हा दिसतील. जुनी उताराची, पत्र्याची, बर्फ घसरून खाली यावा म्हणून. पण शहरात घरं दाटीवाटीनं, घसरलेला बर्फ शेजाऱ्याच्या अंगणात जातो, त्यावरून कुरबुरी होतात, म्हणून नव्या घरांची छपरं जवळजवळ सपाट असतात, बर्फ वरच राहतो आणि घर तेवढं वजन पेलेल असं मजबूत बांधलेलं असतं. पण फारच साठला तर वर चढून उतरवावाच लागतो, आणि इथं दुखरी गोष्ट आहे. प्रांतातली तरुण माणसं टोकियोकडे जातात, मागे म्हातारी माणसं राहतात, आणि छपरावर चढणारी तीच असतात. जपानमध्ये बर्फामुळे जे जीव जातात त्यातले बहुतेक असे बर्फ काढताना, आणि त्यात जास्त करून वयस्कर. शेजारची पोरं, स्वयंसेवक जाऊन एकट्या राहणाऱ्यांच्या दारातला बर्फ काढून देतात, पण पुरं पडत नाही. पोस्टकार्डावरच्या शुभ्र छपरामागं हे आहे, जाणाऱ्यानं ते मनात ठेवावं असं मला फार वाटतं.

बारीकसारीक गोष्टी सांगते. ट्रॅफिकचे सिग्नल जपानात इतरत्र असतात तसे आडवे नसून उभे, कारण आडव्यावर बर्फ साठतो आणि वजनानं मोडतो. रस्त्याच्या कडेला वर उंच खांबांवर खाली टोक केलेले लाल-पांढरे बाण असतात, रस्ता बुडाला तरी त्याची कड कुठं आहे ते कळावं म्हणून. घरं रॉकेलवर तापवतात, मोठाल्या टाक्या घराबाहेर लावलेल्या असतात. कडाक्याची रात्र असली की झोपायच्या आधी नळाच्या पाईपमधलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर सकाळी पाईप फुटलेला. शहरात एका वेळी साठलेल्या बर्फाचा विक्रम फेब्रुवारी १९४५ चा आहे, २०९ सेंटिमीटर, तेव्हा तर ही यंत्रंही नव्हती.

सोलापूरच्या उन्हाळ्यात लोक जसं दुपारचं घराबाहेर पडणं टाळून सगळं सकाळ-संध्याकाळवर ढकलतात, ते तुम्ही आयुष्यभर केलंत. म्हणूनच हा प्रश्न तुम्हाला पडला असणार.

सुकायू ओनसेनबद्दल लिहिलंत, पण कपडे न घालता आंघोळ, तीही एकत्र? आम्हाला जमेल का? (वाचक, सातारा)

जमेल, आणि नाही जमलं तरी सुकायूला जाच. हे गरम पाण्याचं ठिकाण हाक्कोदाच्या डोंगरात साधारण ९०० मीटर उंचीवर आहे, तीनशेहून जास्त वर्षं लोक तिथं आजारपण घालवायला येतात, पूर्वी शेतकरी हंगाम संपला की शिधा घेऊन येऊन आठवडाभर राहायचे. पाणी गंधकाचं, दुधाळ, डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं. हिबा लाकडाचं भलंमोठं स्नानगृह आहे, मधे एकही खांब नाही, ते मुळात स्त्री-पुरुष एकत्र. पण सकाळी ८ ते ९ आणि रात्री ८ ते ९ ते फक्त बायकांसाठी असतं, अंगावर घालायचा आंघोळीचा झगाही तिथं मिळतो, आणि शिवाय स्त्रियांची-पुरुषांची वेगळी छोटी स्नानगृहं आहेत. टाकीत उतरायच्या आधी अंग स्वच्छ धुवायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, आणि कोणाकडे बघत बसायचं नाही, एवढं पाळलं की कोणीही तुमच्याकडे बघत नाही. गुडघेदुखीवाल्या ठाण्याच्या आईंना मी हे खास सुचवेन, फक्त बीपी असेल तर डॉक्टरांना विचारून आणि थोडाच वेळ.

२६ फेब्रुवारी २०१३ ला सुकायूला ५६६ सेंटिमीटर बर्फ साठलेला मोजला गेला. म्हणजे दुमजली घराच्या छतापर्यंत. दाराशी बर्फात बोगदा खणल्यासारखी वाट असते.

आओमोरी स्टेशनवरून बस आहे, सव्वा तासाच्या आसपास, पण दिवसातून थोड्याच, परतीची चुकवू नका. हिवाळ्यात सुकायूच्या पुढचा रस्ता बंद असतो. वाटेत हाक्कोदाचा रोपवे लागतो, वर १,३०० मीटरवर फर झाडांवर बर्फ चिकटून चिकटून राक्षसांसारखे आकार तयार होतात, फेब्रुवारीत सगळ्यात चांगले. वारा असला की रोपवे बंद, म्हणून दोन दिवस हाताशी ठेवा म्हणते मी. आणि वर गेल्यावर आखलेली वाट सोडू नका, स्की येत असलं तरी.

याच डोंगरात जानेवारी १९०२ मध्ये सैन्याच्या पाचव्या रेजिमेंटचे २१० जण सरावासाठी निघाले. रशियाशी युद्ध झालं तर हिवाळ्यात हा डोंगर ओलांडता येईल का हे त्यांना बघायचं होतं. अंतर वीसेक किलोमीटर. वादळात वाट चुकले, १९९ जण गेले. त्याच दिवसांत, २५ जानेवारीला, वर होक्काइडोतल्या असाहिकावाला उणे ४१ अंश नोंदले गेले, जपानचा आजवरचा नीचांक, यावरून ती थंडीची लाट कसली होती कळेल. शहराच्या कडेला कोहाता इथं त्यांचं स्मशान आणि छोटं संग्रहालय आहे. डोंगरावर जायच्या आधी तिथं जाऊन या.

पण शहरात बर्फ सोडून बघायचं काय? मिस्टर म्हणतात दोन दिवसांत कंटाळा येईल. (वाचक, डोंबिवली)

मिस्टरांना स्टेशनशेजारच्या 'वा रास्से' मध्ये न्या. ऑगस्टच्या २ ते ७ तारखेला नेबुता उत्सवात तारेच्या सांगाड्यावर कागद चढवून, रंगवून, आतून दिवे लावलेली योद्ध्यांची आणि देवांची अवाढव्य चित्रं रस्त्यावरून फिरवतात, जवळपास ९ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच, त्यातली खरीखुरी चार तिथं वर्षभर ठेवलेली असतात. गणपतीची आरास करणारं कोणी घरात असेल तर ते तिथून लवकर हलणार नाही.

तिथून चालत जवळच हाक्कोदा-मारू हे जहाज. समुद्राखालचा ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा १३ मार्च १९८८ ला सुरू झाला, त्याआधी होक्काइडोला जायला ही जहाजं होती, प्रवासीच नव्हे तर रेल्वेचे डबेच्या डबे पोटात घालून न्यायची. १९५४ च्या वादळात यातलं तोया-मारू बुडून हजाराच्या वर माणसं गेली, बोगदा करायचाच हा निर्धार त्यातून पक्का झाला. जहाजाच्या तळाशी रुळांवर डबे अजून उभे आहेत. मला आओमोरीतली ही सगळ्यात आवडती जागा, दोन तास ठेवा.

सान्नाई-मारुयामा हे जोमोन काळातलं, म्हणजे जपानच्या अश्मयुगातलं गाव, ५,९०० वर्षांपूर्वीपासून पुढं दीड हजारांवर वर्षं वसलेलं, १९९२ मध्ये बेसबॉलच्या स्टेडियमसाठी खोदताना एवढं सापडलं की स्टेडियमच रद्द केलं, २०२१ मध्ये जागतिक वारसा झालं. शेजारीच कलासंग्रहालय, त्यात शागाल या चित्रकारानं बॅलेसाठी रंगवलेले घराएवढाले पडदे, आणि बाहेर याच प्रांतातल्या हिरोसाकी शहरचे कलाकार योशितोमो नारा यांचा ८.५ मीटर उंच पांढरा कुत्रा, डोक्यावर बर्फाची टोपी घालून मान खाली घातलेला. सुट्टीचा वार बघून जा.

एक दिवस गोशोगावाराला जाऊन त्सुगारू रेल्वेची शेगडीची गाडी पकडा, १ डिसेंबर ते ३१ मार्च चालते, डब्यात कोळशाची शेगडी, तिच्यावर सुकी माकुळ भाजून देतात, वास सगळ्या डब्यात. शाकाहारी मंडळींनी दाराजवळची सीट घ्यावी.

मुलं ७ आणि १० वर्षांची. स्की शिकवता येईल? (वाचक, नागपूर)

शहराजवळच मोया हिल्स आहे, नवशिक्यांसाठी बरं, सामान भाड्यानं मिळतं, घसरगाडीही आहे. हाक्कोदाला मुलांना स्कीसाठी नेऊ नका. आणि मोज्यांच्या, हातमोज्यांच्या दोन-दोन जोड्या जास्त घ्या, दुपारपर्यंत सगळे ओले होतात.

नक्की कधी जावं? आणि बर्फ नकोच असेल तर? (बरेच जण)

बर्फासाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट. डिसेंबरात पडायला लागतो पण भरवसा नाही, आणि दिवस फार छोटा, सव्वाचारलाच सूर्य मावळतो. फेब्रुवारीत हिरोसाकीच्या किल्ल्यात बर्फाच्या कंदिलांचा उत्सवही असतो, ट्रेननं पाऊण तास. व्हिसासाठी टूरवाल्यावर अवलंबून राहू नका, कागद नीट असतील तर व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीकडून आपलं आपण होतं, महिना-दीड महिना आधी सुरू करा.

थंडी सोसत नसेल पण बर्फाच्या भिंती बघायच्या असतील तर १ एप्रिलला सुकायूपुढचा बंद रस्ता उघडतात, दोन्ही बाजूंना कापलेल्या बर्फाच्या उंच भिंती आणि मधून बस. एप्रिलच्या शेवटी हिरोसाकीला साकुरा म्हणजे चेरीचा बहर, किल्ल्याच्या बागेत २,६०० च्या आसपास झाडं. आणि नेबुतासाठी ऑगस्टमध्ये जाणार असाल तर हॉटेल फेब्रुवारी-मार्चमध्येच बुक करा, त्या आठवड्यात शहरात खोली मिळत नाही, मग हाचिनोहे किंवा मोरिओकाला राहून रात्रीच्या शिंकान्सेननं ये-जा करावी लागते, आणि शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.